कलावंतांच्या अपत्यांचे बालपण : नाव, देणी आणि रंगमंच

भाईंदर पूर्व येथील एका परिसरास 'इंद्रलोक' हे नाव आहे. पुराणातील इंद्रलोक म्हणजे गंधर्व आणि अप्सरा यांची सभा. आजच्या भाषेत व्यावसायिक कलावंतांची नगरी. या सभेतील मेनकेच्या मुलीची कथा सर्वपरिचित आहे. आई आपल्या कामावर परत गेली, शकुंत पक्ष्यांनी त्या अर्भकास राखले म्हणून तिचे नाव शकुंतला पडले आणि कण्वांनी तिला वाढविले. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ज्या नाटकाने १८८० साली मराठी संगीत रंगभूमीचे युग सुरू झाले ते 'संगीत शाकुंतल' होय. रंगभूमीच्या इतिहासात आपण त्यातील पदांची चर्चा करतो. परंतु त्याची नायिका एका नर्तकीची मुलगी आहे आणि तिचे नाव आईकडूनही आलेले नाही व वडिलांकडूनही नाही, याकडे सहसा लक्ष जात नाही.

प्रसिद्ध कलावंताच्या अपत्यास प्रसिद्धी आयती मिळते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रस्तुत लेखकास तो मान्य नाही. प्रसिद्धी हयातीपुरती असते. मागे उरते ते नाव, देणी आणि लहान वयात अंगवळणी पडलेले काम. त्यातही कोणते नाव लावावयाचे हा प्रश्न कलेपेक्षा जात आणि लिंगभाव यांनी अधिक ठरविला आहे. प्रस्तुत लेखात महाराष्ट्र व गोव्यातील काही उदाहरणांच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

मंगेशीचे आडनाव

मास्टर दीनानाथ मंगेशकर यांच्या कुटुंबाचा विचार करताना आपण त्यांच्या मुलांपासून आरंभ करतो. वास्तविक दीनानाथ स्वतःच एका कलावतीचे अपत्य होते. १९०० साली गोव्यातील मंगेशी येथे त्यांचा जन्म झाला. आई येसूबाई देवस्थानच्या सेवेतील गायिका, तर वडील त्याच देवस्थानचे पुजारी. अशा संबंधातून जन्मलेल्या मुलास वडिलांचे आडनाव लावण्याची मुभा तत्कालीन समाजात नव्हती. दीनानाथांनी गावाचे, पर्यायाने देवाचे नाव आडनाव म्हणून स्वीकारले. आज जे आडनाव उच्चारताच आदर व्यक्त होतो ते वंशपरंपरेने आलेले नसून एका पिढीपूर्वी घडविलेले आहे.

१९१८ साली स्थापन झालेल्या 'बळवंत संगीत मंडळी'चे दीनानाथ हे प्रमुख नट व गायक. राम गणेश गडकरी यांच्या 'भावबंधन' नाटकातील लतिका ही त्यांची गाजलेली स्त्रीभूमिका. २८ सप्टेंबर १९२९ रोजी इंदूर येथे जन्मलेल्या थोरल्या मुलीचे मूळ नाव हेमा; पुढे या लतिकेवरून ती लता झाली, असे सांगितले जाते. वडिलांनी रंगमंचावर वठविलेल्या भूमिकेचे नाव मुलीने जन्मभर वागवावे, ही घटना नाटक मंडळीतील बालपणाचे स्वरूप पुरेसे स्पष्ट करते. घर आणि रंगमंच यांत भिंत नव्हती. मंडळीचे बिऱ्हाड फिरते. त्यात स्वयंपाक, तालीम, देणेकऱ्यांची ये-जा आणि मुलांचा अभ्यास एकाच छताखाली चाले. दीनानाथ शिष्यास शिकवीत असलेला पुरिया धनाश्री चुकतो आहे हे लहानग्या लताने दाखवून दिले व त्यानंतर वडिलांनी तिला शिकविण्यास घेतले, ही आठवण प्रसिद्धच आहे. तिच्याकडे दैवी प्रतिभेचा पुरावा म्हणून पाहिले जाते. ती एका कार्यशाळेतील मुलाची आठवण म्हणूनही वाचता येईल. सुताराच्या मुलास रंधा कसा धरावा हे कोणी वेगळे सांगत नाही.

मास्तरांच्या पश्चात

१९३२ साली 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट आला आणि पुढील काही वर्षांत संगीत नाटक मंडळ्यांचा आर्थिक पाया खचला. बळवंत मंडळीनेही चित्रपटनिर्मितीकडे वळून पाहिले. १९३४ चा 'कृष्णार्जुन युद्ध' हा त्यातील प्रयत्न. तो तारू शकला नाही. २४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यात दीनानाथांचे निधन झाले तेव्हा ते एक्केचाळीस वर्षांचे होते. पाच भावंडांत थोरल्या लताला तेरावे वर्ष चालू होते आणि धाकटे हृदयनाथ पाच वर्षांचेही नव्हते. त्याच वर्षी 'पहिली मंगळागौर' या चित्रपटात तिने छोटी भूमिका केली. अभिनयाची तिला आवड नव्हती. ते उत्पन्नाचे साधन होते.

या काळात मदतीस धावले ते मास्टर विनायक. त्यांचा उल्लेख कृतज्ञतेने होतो, तो योग्यच आहे. तथापि पुढचा भाग क्वचितच सांगितला जातो. १९४७ साली विनायकांचेही अकाली निधन झाले आणि त्यांची मुलगी नंदा, जिचा जन्म १९३९ चा, १९४८ च्या 'मंदिर' चित्रपटात बालकलाकार म्हणून पडद्यावर आली. सहारा देणाऱ्याच्याच घरी पाच-सहा वर्षांत तोच प्रसंग उभा राहिला. तेव्हा हे एका कुटुंबाचे दुर्दैव नव्हे, व्यवसायाची रचनाच तशी होती. नटाच्या पश्चात निवृत्तिवेतन नाही, विमा नाही. बाजारात चालणारी एकच वस्तू घरात असे, ती म्हणजे त्याच्यासारखा चेहरा किंवा गळा असलेले मूल.

फडावरील मुले

तमाशाच्या फडात ही रचना अधिक कठोर दिसते. भाऊ-बापू मांग नारायणगावकर यांच्या घरात वाढलेल्या विठाबाई नारायणगावकर यांना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला. खेळ चालू असताना प्रसूत होऊन त्या पुन्हा रंगमंचावर उभ्या राहिल्याचा प्रसंग सर्वत्र सांगितला जातो, आणि तो नेहमी आईच्या निष्ठेचे उदाहरण म्हणून. जन्मतःच कनातीमागे ठेवलेल्या अर्भकाच्या बाजूने तो कोणी सांगत नाही. २००२ साली विठाबाईंचे निधन झाले, तेही आर्थिक विपन्नावस्थेत. फडाचा हंगाम दसऱ्यापासून उन्हाळ्यातील जत्रांपर्यंत चालतो, म्हणजे शैक्षणिक वर्षाचा बहुतेक भाग व्यापतो. मूल फडासोबत गेले तर शाळा सुटते. मागे राहिले तर आई.

मागे राहिलेल्या मुलाचे बालपण मराठीत डॉ. किशोर शांताबाई काळे यांनी लिहिले. 'कोल्हाट्याचं पोर' हे त्यांचे आत्मकथन १९९४ साली प्रसिद्ध झाले. आई तमाशात नाचणारी. ती एका पुरुषासोबत निघून गेल्यावर हा मुलगा आजोळी वाढला आणि पुढे वैद्यकीय पदवीपर्यंत पोहोचला. २००७ साली त्यांचे अपघाती निधन झाले. या पुस्तकाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. प्रस्तुत संदर्भात मुखपृष्ठावरील नाव पुरेसे आहे. दीनानाथांनी पित्याच्या नावाची रिकामी जागा गावाच्या नावाने भरली. काळे यांनी ती आईच्या नावाने, उघडपणे भरली. दोहोंमध्ये सुमारे सात-आठ दशकांचे अंतर आहे.

कायदा आणि अर्जातील रकाना

बालकामगार कायद्यातील २०१६ च्या दुरुस्तीने दृक्‌श्राव्य मनोरंजन क्षेत्रात बालकलाकारांस अटींवर काम करण्यास अनुमती दिली. २०१७ च्या नियमांनुसार दिवसाला पाच तासांहून अधिक काम नाही, विश्रांतीविना तीन तासांहून अधिक नाही आणि मिळकतीच्या किमान वीस टक्के रक्कम मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवणे आवश्यक आहे. १९४२ साली अशी तरतूद नव्हती. मात्र या अटींचा विचार चित्रीकरणातील मुलापुरता आहे. फडात आईचे दागिने सांभाळणारे, ट्रकमध्ये झोपणारे आणि कधी ढोलकीवर बसणारे मूल 'कुटुंबास मदत करणारे' ठरते, आणि त्या सवलतीखाली झाकले जाते.

नावाच्या बाबतीत मात्र शासन काहीसे पुढे आले आहे. १ मे २०२४ रोजी व त्यानंतर जन्मलेल्यांच्या शासकीय दस्तऐवजांत स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव असा क्रम महाराष्ट्रात बंधनकारक झाला. ही मुले पदवीच्या प्रथम वर्षात येण्यास २०४२ साल उजाडेल. तोवर जुन्या पिढ्याच आपल्या प्रवेश खिडकीसमोर उभ्या राहणार आहेत. वडिलांच्या नावाचा रकाना रिकामा ठेवणाऱ्या विद्यार्थ्यास चार माणसांदेखत कारण विचारावयाचे की अर्ज तसाच स्वीकारावयाचा, हे कोणत्याही परिपत्रकाआधी खिडकीमागे बसलेला प्राध्यापक ठरवितो.