शिक्षकांचे ऑनलाइन अध्ययन-मंडळ

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात ६० पर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेसाठी दोन शिक्षकांची तरतूद आहे. दुर्गम भागातील अशा शाळेत मुलांना भागाकार का उमगत नाही, हे विचारावे तरी कोणाला? केंद्राची शिक्षण परिषद भरेपर्यंत तो धडा मागे पडलेला असतो. ही उणीव ऑनलाइन अध्ययन-मंडळ भरून काढू शकते.

केंद्र शासनाचे ‘दीक्षा’ व्यासपीठ ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झाले. ऑक्टोबर २०२० पासून ‘निष्ठा’ प्रशिक्षणही त्यावर उपलब्ध झाले. तथापि, चित्रफिती पाहून प्रमाणपत्र मिळविणे म्हणजे मंडळ नव्हे.

मंडळ चालविण्याचे प्रशिक्षण निराळे असते. आठ-दहा शिक्षकांनी एकच अडचण निवडावी, मुलांच्या वह्यांतील चुका नावे वगळून मांडाव्यात, एखादा उपाय वर्गात करून पाहावा आणि जे घडले ते प्रांजळपणे सांगावे. संचालकाने उत्तरांपेक्षा प्रश्न अधिक विचारावेत, अबोल सदस्यास बोलते करावे आणि नुसत्या शुभेच्छांना व परिपत्रकांना आवर घालावा. वरिष्ठांनी तेथे तपासणीचे धोरण ठेवू नये. कारण धाक असला की चुका लपतात आणि शिकणे थांबते.

असे मंडळ नीट चालले, तर डोंगरावरील शाळेतले ते दोन शिक्षक एकाकी राहणार नाहीत आणि त्याचा लाभ अखेर मुलांच्याच पदरी पडेल.