आईलेकींचा चहा

संक्रांत आली की गाझियाबादच्या इंदिरापुरम, वैशाली, वसुंधरा या भागांतील मराठी घरांत हळदीकुंकवाची गडबड सुरू होते. रथसप्तमीपर्यंत कुठे ना कुठे बोलावणे असतेच. आई नटूनथटून जाते, वाण घेऊन येते. मुलगी मात्र अभ्यासाचे निमित्त सांगून घरी थांबते किंवा गेलीच तर कोपऱ्यात मोबाइल बघत बसते. एरवीही दोघींचे बोलणे ‘ट्यूशनला निघालीस का?’, ‘डबा संपवलास का?’ यापलीकडे जात नाही. मग यंदा हळदीकुंकवाच्या जोडीला एका दुपारी मायलेकींना चहाला का बोलावू नये?

कुणाला बोलवावे?

हळदीकुंकवाला आजही बऱ्याच घरांतून विधवेला बोलावत नाहीत. आपल्या आईला वगळले गेले, हे तिच्या मुलीला कळत नाही असे समजू नका. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात महाराष्ट्र सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसेच करण्याचे आवाहन केले. एका गावाला जे जमले ते आपल्या सोसायटीला का जमू नये? चहाच्या कपाला ना कुंकू लागते, ना मुहूर्त.

अशा मैत्रिणीला फोनवर नव्हे, घरी जाऊन आमंत्रण द्या. ती आधी नको म्हणेल. तेव्हा ‘जमलं तर या’ म्हणून परत फिरू नका. ‘कोथिंबीर वडी तुमच्याच हातची हवी’ असे सांगून काम सोपवा. जिची आई नाही, ती आजी, मावशी किंवा आत्याबरोबर येईल. शेजारच्या पंजाबी किंवा बंगाली मायलेकींनाही बोलवा.

वेळ आणि जागा

जानेवारीत इथे सकाळी धुके आणि संध्याकाळी कडाक्याची थंडी असते. म्हणून रविवारी दुपारी अडीच ते साडेचार ही वेळ उत्तम. गच्चीवर किंवा सोसायटीच्या बागेत उन्हात सतरंज्या अंथराव्यात. पहिल्या खेपेला सहा जोड्या पुरेत. नोएडा, दिल्लीच्या मैत्रिणींना मेट्रोने वैशाली स्थानकावर उतरता येईल.

चहा आणि फराळ

बारा कप चहासाठी सव्वा लिटर पाणी आणि पाऊण लिटर दूध घ्यावे. पाण्यात ठेचलेले आले, गवती चहाची चार-पाच पाने आणि साखर घालून उकळी आणावी. मग दहा-बारा चमचे चहा पावडर घालावी, शेवटी गरम दूध ओतावे. लहान मुलींसाठी मसाला दूध ठेवावे.

चिवडा, शंकरपाळे आदल्या दिवशीच करून ठेवावेत. या दिवसांत इथे ताजा मटार मुबलक मिळतो, त्याच्या करंज्या आयत्या वेळी तळाव्यात. तिळगूळ हवाच, जोडीला इथली गजकही ठेवावी. यजमानीण स्वयंपाकघरातच अडकली तर तिच्या मुलीला आई कुठून मिळणार?

गप्पा रंगाव्यात म्हणून

प्रत्येक आईने मुलीच्या आजच्या वयातला आपला एक फोटो आणावा. फोटो एकत्र करून कोणता कुणाच्या आईचा, हे मुलींनी ओळखावे.

दुसरा खेळ चिठ्ठ्यांचा. आईने लिहावे : मुलीची जिवलग मैत्रीण कोण, तिला भीती कशाची वाटते? मुलीने लिहावे : आईला कोण व्हायचे होते, तिचा आवडता पदार्थ कोणता? मग जोडीनेच चिठ्ठ्या ताडून पाहाव्यात, मोठ्याने वाचू नयेत. उत्तर चुकले तर हसू येईल, कदाचित डोळ्यांत पाणीही येईल. ‘तुला चित्रकार व्हायचं होतं?’ असे मुलीने आश्चर्याने विचारले, की पुढचा तास कसा जातो ते कळत नाही.

दोन गोष्टी मात्र कटाक्षाने टाळा : मुलींच्या गुणांची तुलना आणि त्यांच्या रंगावर, वजनावर शेरे. एका शेऱ्याने मुलगी पुन्हा कोपऱ्यात जाऊन बसेल.

निघताना वाण म्हणून गवती चहाचे रोप द्यावे. कुंडीतही ते सहज वाढते. आणि पुढच्या वेळचा चहा मुलींना करू द्यावा. आमंत्रणाची यादीही त्याच करतील. त्या यादीतून कुणाची आई वगळली जाणार नाही, एवढे त्या आपल्याकडून शिकल्या तरी खूप झाले.