उंदराच्या डोक्यातला नकाशा

उंदीर वाट काढतो ती निव्वळ सवयीने, की डोक्यातल्या नकाशावरून? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टोलमन यांनी १९४८ साली नकाशाची बाजू घेतली, पण तो नकाशा मेंदूत कुठे असतो हे त्यांना दाखवता आले नव्हते. १९७१ मध्ये लंडनला जॉन ओकीफ आणि त्यांच्या सहकाऱ्याने हिप्पोकॅम्पस या भागातल्या पेशींची नोंद जाहीर केली. उंदीर ठरावीक जागी आला की ठरावीक पेशी जागी होई. त्या जागेचा वास किंवा दृश्यच पेशीला चेतवत असेल, ही शंका रास्त होती. मात्र उजेडात जागा ओळखल्यावर दिवे घालवले, तरी अनेक पेशी आपापली जागा सोडत नाहीत. म्हणजे चाललेल्या पावलांचा हिशेबही आत कुठेतरी चालू असतो. २००५ मध्ये नॉर्वेतल्या मोझर दांपत्याच्या गटाला शेजारच्याच भागात षट्‌कोनी जाळीच्या बिंदूंवर चेतणाऱ्या पेशी सापडल्या, आणि त्या हिशेबासाठी एक भक्कम उमेदवार मिळाला.

तरी खरा आक्षेप उरतोच. पेशी जागेबरोबर चेतते, म्हणून उंदीर तिच्यावर विसंबून चालतो असे कशावरून? २०२० मध्ये लंडनच्याच एका प्रयोगात, जिथे बक्षीस मिळते त्या जागेच्या पेशी उंदीर दुसरीकडे असताना प्रकाशाने चेतवल्या. उंदीर तिथेच बक्षिसासाठी जीभ बाहेर काढू लागला! माझ्या मते टोलमन यांच्या बाजूने इतका थेट पुरावा दुसरा नाही.