पाठ होईना? मग हाताला कळू दे!

"सांग, आपल्या जिल्ह्याच्या पूर्वेला काय?"

"समुद्र!"

"अन् पश्चिमेला?"

"...डोंगर?"

मी पाठीत धपाटा घातला. चिरंजीव रडत म्हणाले, "आये, माका पाठ होणा नाय!"

नंतर माझं मलाच वाईट वाटलं. आम्ही मसुऱ्याचे. कालावल खाडीची भरती-सुकती या पोराला न बघता कळते, आणि पुस्तकातल्या दिशा मात्र कळत नाहीत! चूक पोराची नव्हती, बायांनो. आम्ही नुसती घोकंपट्टी करीत होतो. डोळे, हात, नाक बिचारे रिकामेच!

मग ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ आठवल्या. १९४५ साली बोर्डीला त्यांनी बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे कोसबाडला नेलं. शिंपले, खडे, बिया हीच त्यांची साधनं. म्हटलं, आपल्याकडे काय कमी आहे?

डब्यातली किडलेली कणीक मीठ घालून घट्ट भिजवली. पाटावर उगवतीकडे सह्याद्री उभा केला, मावळतीकडे किनारा. मध्ये बोटानं गड नदीची वाट कोरली. वरून तांब्याभर पाणी सोडलं. धावत गेलं की समुद्राकडे! "म्हणान आमची न्हंय थंय जाता!" पोरगा ओरडला. दिशा पुन्हा चुकल्या नाहीत.

इतिहासाचंही तसंच. आमच्या डोक्यावर भरतगड. जुनं गॅझेटियर सांगतं, की शिवाजी महाराजांनी १६७० मध्ये ही टेकडी पाहिली, पण पाणी अपुरं. पुढे वाडीच्या फोंड सावंतांनी कातळात २२८ फूट विहीर खणून पाणी काढलं आणि १७०१ मध्ये गड पुरा केला. २२८ म्हणजे किती? आम्ही सुतळी मोजली. खळं संपलं, बेडं ओलांडलं, पाणंद लागली, तरी सुतळी उरलीच! "एवढा कातळ हातान फोडल्यानी?" म्हणत तो गप्प बसला. ते साल त्याला मी पाठ करायला लावलेलं नाही.

घरी करून पाहा:

• डोळे बांधून तिरफळ, आमसूल, सुकी सुंगटं हुंगायला द्या. कुठलं डोंगराकडचं, कुठलं खाडीचं, ते ओळखू दे.
• अंगणात रांगोळीनं गावाचा नकाशा काढा. देऊळ, शाळा, बाजार यांच्या जागी मुलांनाच उभं करा.
• आजीला बाजाराच्या जुन्या गोष्टी विचारायला लावा. ऐकलेलं चित्रात काढू दे.
• खेळ झाल्यावर पुस्तक उघडा आणि तोच धडा त्याच्याकडून वाचून घ्या. हे विसरू नका, नाहीतर खेळ नुसता खेळच राहतो.

माझा मुलगा पहिला आला का? छे! पण आता पुस्तक घेऊन तो आपणहून माझ्याजवळ बसतो. धपाट्यानं तो लांब पळत होता, एवढं मला पुरे आहे.