एका दिवसाची घारापुरी

प्रवास म्हटला की पुष्कळ पैसा, पुष्कळ सामान आणि पुष्कळ सोबती हवेत, अशी अनेकांची समजूत असते. ती सर्वस्वी खरी नाही. सकाळी घरून निघावे, समुद्र ओलांडून एखादे बेट पाहावे आणि दिवे लागण्याच्या सुमारास घरी परतावे, असा प्रवास थोड्या पैशांत आणि एकट्यानेही करता येतो. मुंबईच्या बंदरातील घारापुरीचे बेट हे त्याचे उत्तम उदाहरण होय. मात्र जेथे पैसा थोडा आणि सोबत नाही, तेथे ही उणीव पूर्वतयारीने आणि सावधपणाने भरून काढावी लागते.

घारापुरी हे बेट मुंबईच्या पूर्वेस, गेटवे ऑफ इंडियापासून सुमारे १० किलोमीटर अंतरावर आहे. ते मुंबईहून दिसत असले तरी रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यात मोडते. दोन टेकड्या आणि त्यांच्यामधील दरी, असा त्याचा आकार आहे. काठाने तिवरांची दाट झाडी आहे. राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर या तीन वस्त्यांत तेथील रहिवासी राहतात.

या सफरीचा पहिला नियम म्हणजे योग्य दिवसाची निवड. जून ते सप्टेंबर या काळात नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे समुद्र खवळलेला असतो आणि हवा बिघडली की लाँचची वाहतूक थांबते. मे महिन्यातील ऊन पायऱ्या चढणाऱ्याला थकवून टाकते. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सोयीचा. शिवाय लेणी सोमवारी बंद असतात. ही एक गोष्ट ठाऊक नसल्यामुळे साऱ्या दिवसाचे श्रम वाया जाऊ शकतात.

खर्चाचा विचार केला, तर या प्रवासात टाळता न येणारे खर्च थोडेच आहेत. गेटवेपर्यंतचे भाडे, लाँचचे जाण्यायेण्याचे तिकीट, बेटावरील ग्रामपंचायतीचा लहानसा कर आणि लेण्यांचे प्रवेशशुल्क, एवढी त्यांची यादी. पंधरा वर्षांखालील मुलांना तर लेण्यांचे प्रवेशशुल्कही द्यावे लागत नाही. बाकीचा खर्च प्रवाशाच्या इच्छेवर अवलंबून असतो. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून गेटवेपर्यंत सुमारे अर्ध्या तासात चालत जाता येते. घरची पोळीभाजी आणि पाण्याची बाटली जवळ असली, म्हणजे उपाहारगृहाची गरज उरत नाही. परंतु काटकसर म्हणजे कंजूषपणा नव्हे. अडचणीच्या वेळी उपयोगी पडावी म्हणून थोडी जास्तीची रक्कम निराळी ठेवणे, हाही काटकसरीचाच भाग आहे.

लाँच सुटली की गेटवेची कमान हळूहळू लहान होत जाते. सुमारे तासाभराच्या या प्रवासात मुंबईच्या बंदराचे खरे स्वरूप दिसते. नांगर टाकून उभी असलेली मालवाहू जहाजे दिसतात. तेलवाहू जहाजांसाठी धक्के बांधलेले जवाहर द्वीप वाटेत लागते. दूरवर न्हावा-शेवा बंदराच्या उंच याऱ्या दिसू लागतात. हिवाळ्यात उत्तरेकडील थंड प्रदेशांतून आलेले कुरव पक्षी लाँचच्या मागे घिरट्या घालतात. हे सारे पाहताना कठड्यावर ओणवे होण्याचा मोह मात्र आवरावा लागतो. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीकडे निघालेल्या एका प्रवासी लाँचवर एक वेगवान नौका आदळली आणि अनेकांना प्राण गमवावे लागले. समुद्र शांत असतानाही धोका उद्भवू शकतो, हे त्या दिवशी दिसून आले. म्हणून लाँचमध्ये पाऊल ठेवताच जीवरक्षक जाकीट मागून घेऊन ते अंगात नीट बांधावे. यात भित्रेपणा नाही. यात शहाणपण आहे.

बेटाजवळ आल्यावर एक लांबच लांब धक्का दिसतो. येथील किनारा उथळ आणि चिखलाचा आहे. ओहोटीच्या वेळी पाणी मागे हटले की चिखल उघडा पडतो. लाँचला पुरेसे पाणी मिळावे म्हणून धक्का समुद्रात दूरवर न्यावा लागला. दोन भरत्यांमध्ये साधारणपणे सव्वाबारा ते साडेबारा तासांचे अंतर असते आणि भरतीची वेळ दररोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. त्यामुळे सकाळी भरलेला दिसणारा किनारा दुपारी अगदी निराळा दिसतो. धक्क्यावरून एक छोटी आगगाडी पायथ्यापर्यंत जाते. परंतु पायी गेल्यास पैसे वाचतात आणि तिवरांच्या मुळाशी धावणारे खेकडेही पाहावयास मिळतात.

पुढे सुमारे १२० पायऱ्या चढल्या की लेणी येतात. वाटेवर माकडे असतात आणि हातातील खाऊ हिसकावून घेण्यात ती मोठी तरबेज आहेत. एकट्या प्रवाशाच्या पिशवीकडे लक्ष ठेवणारे दुसरे कोणी नसते. तेव्हा खाण्याचे पदार्थ पिशवीत बंद ठेवणेच इष्ट.

येथील शैव लेणी बहुतेक अभ्यासकांच्या मते इसवी सनाच्या सहाव्या शतकाच्या सुमारास कोरली गेली. १९८७ साली त्यांचा समावेश जागतिक वारशाच्या यादीत झाला. या लेण्यांतील खांब कोणी बाहेरून आणून उभे केलेले नाहीत. डोंगराच्या काळ्या खडकातून नको असलेला भाग काढून टाकला आणि जो उरला तोच खांब, तीच भिंत व तीच मूर्ती झाली. चुकून जास्त फुटलेला दगड पुन्हा जोडता येत नाही. हे ध्यानात घेतले, म्हणजे त्या अनाम कारागिरांच्या धीराची कल्पना येते.

मुख्य लेण्याच्या दक्षिण भिंतीवर सुमारे २० फूट उंचीची त्रिमुखी मूर्ती आहे. लोक तिला त्रिमूर्ती म्हणतात. तथापि ही तिन्ही मुखे शिवाचीच आहेत, असे अभ्यासकांचे मत आहे. मधले मुख शांत व ध्यानमग्न आहे. पाहणाऱ्याच्या डाव्या हाताचे मुख उग्र आहे, तर उजव्या हाताचे मुख मृदू आहे. बाहेरच्या लख्ख उन्हातून आत शिरणाऱ्याला प्रथम फारसे काही दिसत नाही. डोळे अंधाराला सरावू लागले की आधी मुकुट, मग कपाळ, मग मिटलेल्या पापण्या स्पष्ट होत जातात. घाईने पुढे जाणारा समूह या दर्शनाला मुकतो. एकट्या प्रवाशाला मात्र कोणी ‘चला’ म्हणत नाही. तो हवा तितका वेळ तेथे थांबू शकतो. एकटेपणाचा हाच खरा लाभ होय.

अनेक मूर्तींचे हातपाय भंगलेले आहेत. या बेटावर पूर्वी दगडात कोरलेला एक भव्य हत्ती होता. त्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला ‘एलिफंटा’ हे नाव दिले. १८६४ साली तो हत्ती इंग्लंडला नेण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा तो उचलत असताना कोसळून त्याचे तुकडे झाले. पुढे ते तुकडे जोडण्यात आले आणि तो हत्ती आता भायखळ्याच्या जिजामाता उद्यानात आहे. जी वस्तू जेथे आहे तेथेच ती शोभते, हा धडा या हत्तीने दिला आहे. भिंतींवर आपली नावे खरडणारे लोक तो अजून शिकलेले नाहीत.

परतीची वेळ हा या सफरीतील सर्वांत महत्त्वाचा भाग. पर्यटकांना बेटावर रात्री राहू दिले जात नाही. म्हणून उतरताक्षणीच शेवटच्या लाँचची वेळ विचारून घ्यावी आणि तिच्या आधीच्या लाँचने निघावे. लाँचचे तिकीट जाण्यायेण्याचे असते, तेव्हा ते जपून ठेवावे. आपण कोठे जात आहोत आणि केव्हा परतणार, हे घरी सांगून निघणे हे तर एकट्या प्रवाशाचे पहिले कर्तव्य आहे. लहान मुलांनी मात्र वडीलधाऱ्या माणसांबरोबरच जावे. पुढे एकट्याने जाण्याची तयारी त्याच प्रवासात होत असते.

पर्यटक निघून जातात आणि रहिवासी मागे राहतात. समुद्राखालून तार टाकून या बेटावर वीज पोहोचली ती २०१८ साली. तोपर्यंत रात्री काही तासच जनित्रावर दिवे लागत. ज्या महानगराचा झगमगाट ही माणसे रोज डोळ्यांनी पाहत होती, त्याचा प्रकाश एवढेसे पाणी ओलांडायला इतकी वर्षे लागली. या माणसांच्या अंगणात आपण दिवसभर वावरलो, याची जाण ठेवून रिकामी बाटली आणि कागद जो परत घेऊन येतो, त्याने घारापुरी खऱ्या अर्थाने पाहिली असे म्हणावे.