फार सुचण्याची अडचण

काहीच सुचत नाही ही लेखक-कलावंतांची तक्रार सगळ्यांच्या ओळखीची आहे. तिच्या उलट अडचणीची मात्र बहुधा थट्टाच होते. काहींना सुचते फार, आणि त्यातले पूर्ण मात्र काहीच होत नाही. कथेचे पाचवे पान चालू असताना एकांकिकेचा विषय डोक्यात येतो, त्याचे टिपण करता करता एक चित्रमालिका दिसू लागते आणि महिनाअखेर तिन्ही कामे अर्धवट पडलेली असतात. ‘एक ना धड भाराभर चिंध्या’ असे म्हणून लोक मोकळे होतात. पण असा माणूस आळशी क्वचितच असतो. तो दिवसभर राबतो, रात्री अंथरुणावर पडल्यावरही डोक्यातला भुंगा थांबत नाही आणि सकाळी कुठून सुरुवात करावी हेच कळेनासे होते.

याचे एक कारण मनाच्या कुवतीत आहे. एका वेळी किती गोष्टी ध्यानात धरून त्यांच्यावर विचार करता येतो, याची मर्यादा फार लहान आहे. जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये हा आकडा सातच्या आसपास सांगितला होता. नेल्सन कोवनने २००१ मध्ये तो चारच्या जवळ आणला. डोक्यात पंधरा कल्पना एकदम बाळगणारा माणूस प्रत्यक्षात त्यांची आलटून पालटून नुसती उजळणी करत असतो, आणि उजळणी म्हणजे काम नव्हे.

दुसरे कारण अर्धवट कामाच्या ओढीचे. १९२० च्या दशकात बर्लिनमध्ये कुर्ट लेविन यांच्या विद्यार्थिनींनी यावर प्रयोग केले. ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ मध्ये मांडले, की मध्येच थांबवलेली कामे पूर्ण झालेल्या कामांपेक्षा जास्त लक्षात राहतात. हा निष्कर्ष पुढच्या प्रयोगांत सगळीकडे टिकला नाही. त्यांची सहकारी मारिया ओव्स्यान्किना हिला दिसलेली गोष्ट मात्र अधिक भक्कम ठरली आहे: अडवलेले काम, कोणी सांगितले नाही तरी, माणूस पुन्हा हाती घेऊ पाहतो. दहा कामे अर्धवट असली की दहा दिशांनी ही ओढ लागते. २०११ मध्ये मासिकॅम्पो आणि बाउमाइस्टर या संशोधकांनी यावरचा एक उताराही दाखवला. अपुऱ्या कामाची आठवण मध्ये मध्ये डोके वर काढते. पण ते केव्हा आणि कसे करायचे हे नेमके ठरवले, की काम पूर्ण झालेले नसतानाही ही टोचणी बरीच कमी होते.

याशिवाय एक मोह आहे, आणि तो या दोन्ही कारणांपेक्षा जबर आहे. पाचव्या पानावर कथेचे घोडे अडलेले असते. पात्रे बोलत नाहीत, मधला दुवा सापडत नाही. नेमक्या त्याच वेळी सुचलेली नवी कल्पना निर्दोष वाटते, कारण तिचे एकही वाक्य अजून लिहिलेले नसते. तीही पाचव्या पानावर पोचली की तशीच अडणार असते. नव्या कल्पनांची गर्दी कामाच्या सगळ्यात कठीण टप्प्यावर उसळते, हा योगायोग समजू नये.

सुचलेले सगळे लिहून ठेवावे, हा यावरचा नेहमीचा सल्ला. तो बरोबर आहे, पण अर्धाच. त्याचा सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे लिओनार्दो दा विंची. त्याच्या वह्यांची सात हजारांहून अधिक पाने आज शिल्लक आहेत. उडण्याची यंत्रे, पाण्याचे भोवरे, घोड्याच्या पायाची मापे, किल्ल्यांचे आराखडे, सारे त्यांत आहे. त्याच्या नावावर निःसंशय असलेली चित्रे मात्र वीसच्या आसपासही जेमतेम जातात. १४८१ मध्ये फ्लॉरेन्सजवळच्या एका मठाने त्याला वेदीसाठी मोठे चित्र सांगितले. मुदत चोवीस, फार तर तीस महिने. पुढच्याच वर्षी लिओनार्दो मिलानला गेला. ते चित्र आजही तपकिरी आखणीच्या अवस्थेत उफिझी संग्रहालयात आहे आणि मठाने अखेर १४९६ मध्ये फिलिप्पिनो लिप्पीकडून दुसरे करवून घेतले. प्रत्येक अपुऱ्या कामाचा दोष त्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. मिलानच्या ड्यूकसाठी केलेल्या प्रचंड घोड्याचा मातीचा नमुना तयार होता. ओतकामाचे कासे १४९४ मध्ये तोफांसाठी गेले. पण शरीररचनेवरच्या त्याच्या अपूर्व चित्रांचा ग्रंथ कधीच झाला नाही. १५१९ मध्ये तो वारला, १५४३ मध्ये व्हेसालियसचा ग्रंथ छापून निघाला, आणि लिओनार्दोची पाने त्यानंतरही शतकानुशतके पेट्यांत पडून राहिली. नोंदी ठेवण्यात तो कुठेही कमी पडला नव्हता. कमी पडली ती निवड.

चार्ल्स डार्विनची पद्धत याच्याशेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे. त्याच्या खोलीत कपाटे होती, त्यांच्या फळ्यांवर विषयांच्या चिठ्ठ्या लावलेल्या आणि आत तीस-चाळीस मोठी पाकिटे. काही सापडले वा सुचले, की त्याचा कपटा त्या त्या पाकिटात जाई. स्वतःच्या पुस्तकांच्या शेवटी आपल्या कामाच्या मुद्द्यांची सूची तो करत असे. महत्त्वाचे याच्या पुढे आहे. एखादा विषय लिहायला घेताना तो आधी या छोट्या सूच्या चाळी, त्यांतून एक सर्वसाधारण सूची करी आणि मग लागतील तेवढीच पाकिटे उघडी. उरलेली बंदच राहत. सुचलेले गोळा करणे आणि त्यातले वापरायला काढणे ही दोन कामे त्याने वेगळी ठेवली होती.

तरीही डार्विन रेंगाळलाच. उत्क्रांतीचा पहिला संक्षिप्त खर्डा १८४२ चा, मोठा निबंध १८४४ चा, आणि मध्ये आठ वर्षे बार्नेकल या समुद्री प्राण्यांत गेली. १८५६ मध्ये लिहायला घेतलेला महाग्रंथ फुगतच चालला होता. जून १८५८ मध्ये आल्फ्रेड रसेल वॉलेसचे पत्र आले, त्यात तोच सिद्धांत मांडलेला होता, आणि नोव्हेंबर १८५९ मध्ये डार्विनचा ग्रंथ बाजारात आला. महाग्रंथाचा गोषवारा, असेच तो या पुस्तकाबद्दल म्हणत असे.

निवड करायला बाहेरचा धक्का लागतो, हे मराठी लेखकांना वेगळे सांगायला नको. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठीत हा धक्का दरवर्षी ठरल्या वेळी बसतो. पावसाळ्यात संपादकाचे पत्र किंवा फोन येतो. कथा हवी, अमुक शब्दांपर्यंत, अमुक तारखेच्या आत. या तीन अटींतच बहुतेक कल्पना गळतात. कादंबरीचा ऐवज बाजूला पडतो, ज्यासाठी आधी प्रवास करावा लागेल तो विषयही पडतो आणि एखाद-दोन गोष्टी हाती राहतात. डेडलाइनच्या नावाने बोटे मोडणाऱ्या कितीतरी लेखकांच्या चांगल्या कथा तिच्याचमुळे कागदावर उतरलेल्या आहेत.

ज्याच्याकडे संपादक नाही, त्याला या अटी स्वतःच घालून घ्याव्या लागतात. एका वेळी एकच मोठे काम आणि सोबत फार तर एक छोटे, हे प्रमाण बहुतेकांना झेपते. नवी कल्पना आली की वेगळ्या वहीत दोन ओळींत टिपावी, वर तारीख घालावी, आणि चालू काम संपेपर्यंत ती वही उघडू नये. मग पाहिल्यावर बऱ्याच कल्पना आपोआप विझलेल्या असतात. ज्यांची टोचणी तरीही टिकते, त्यांतून पुढचे काम निवडावे. कामाची तारीख दुसऱ्या कोणाला तरी सांगितलेली बरी. स्वतःला दिलेली मुदत पाळण्याबद्दल कलावंतांची ख्याती फारशी चांगली नाही.

सगळीच गर्दी मात्र वह्यांनी आवरणारी नसते. विचार धावत सुटले आहेत, दोन-तीन तास झोपूनही थकवा नाही, बोलणे थांबत नाही, पैसा हवा तसा उडतो आहे, असे काही दिवस चालले तर तो प्रतिभेचा बहर न मानता मनोविकारतज्ज्ञाकडे जावे. लहानपणापासून कुठलेच काम तडीस जात नसेल, तर अवधानाचा दोष आहे का हे तपासून घेणेही योग्य.

निवड टाळण्यामागे बहुधा एक भीती असते: आज बाजूला ठेवलेली कल्पना कायमची जाईल. डार्विनच्या बंद पाकिटांचा हिशेब इथे उपयोगी पडतो. १८५९ च्या ग्रंथात न मावलेला पाळीव प्राण्यांचा आणि वनस्पतींचा ऐवज १८६८ मध्ये दोन खंडांत आला. डिसेंबर १८३९ मध्ये पहिला मुलगा जन्मला, तेव्हा डार्विनने त्याच्या चेहऱ्यावरच्या हावभावांच्या नोंदी सुरू केल्या होत्या. मानवाच्या उत्पत्तीवरच्या १८७१ च्या ग्रंथात त्यांचे एक प्रकरण करण्याचा बेत होता. पण टिपणे जुळवायला घेतल्यावर ती प्रकरणात मावेनात. त्याने ती तिथून काढली आणि पुढच्या वर्षी, १८७२ मध्ये, भावनांच्या आविष्कारावर स्वतंत्र पुस्तक छापले.