कमल स्वरूप : तर्क झुगारणारा दिग्दर्शक

कमल स्वरूप यांचे बालपण राजस्थानातील अजमेरमध्ये गेले. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून ते 1974 मध्ये उत्तीर्ण झाले. विजय तेंडुलकरांच्या नाटकावरील ‘घाशीराम कोतवाल’ (1976) या मराठी चित्रपटाच्या दिग्दर्शक चमूत मणी कौल, के. हरिहरन आणि सईद मिर्झा यांच्यासोबत तेही होते.

‘ओम दर-ब-दर’ (1988) हा त्यांचा गाजलेला अतिवास्तववादी चित्रपट. कथा सांगता येत नाही, हेच त्याचे बळ. दीर्घकाळ श्वास रोखणारा किशोरवयीन ओम, ज्योतिष पाहणारे वडील, बेडकांच्या पोटातले हिरे. पुराणकथा, जाहिराती आणि शालेय विज्ञान यांची सरमिसळ होऊन प्रत्येक दृश्य स्वप्नासारखे दुसऱ्यात शिरते. बर्लिन महोत्सवात तो दाखवला गेला, 1989 चा फिल्मफेअर समीक्षक पुरस्कारही मिळाला. मात्र भारतीय चित्रपटगृहांत तो जानेवारी 2014 मध्येच लागला. एवढी वर्षे तो जगला प्रामुख्याने चाहत्यांच्या हातोहात फिरणाऱ्या प्रतींवर. हिंदी चित्रपटाच्या इतिहासात इतका निर्भय प्रयोग विरळाच.

पुढे त्यांनी दादासाहेब फाळक्यांचा ध्यास घेतला. फाळक्यांच्या वाराणसीतील नाट्यपर्वावरील ‘रंगभूमी’ला 2013 साठीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट कथाबाह्य चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळाले.